टीव्हीचा प्रॉम्प्टर

माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं म्हटली, आणि तीही हळू आवाजात. ते पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. आमच्याकडे धानाची कापणी आटोपली की गावोगाव नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत चालतात. तालमी दोन-चार, नट शेतावरून थेट आलेले आणि नाटक मात्र तीन अंकी. त्यामुळे पडद्याआड पुस्तक धरून बसलेला माणूस जे सांगेल तेच रंगमंचावर घडतं. गावकरी नटाला नावं ठेवतील, पेटीवाल्याला ठेवतील, पण पुस्तकवाल्यावर शंका घेणार नाहीत. बाबांना त्याचा भारी अभिमान होता. "पुस्तकात आहे तेच सांगतलं, कानामात्रा बदलला नाई," असं ते छातीवर हात ठेवून म्हणत.

घरात मात्र आम्ही याच गोष्टीवरून त्यांची फिरकी घ्यायचो. बाबांना चहा हवा असला तरी ते मागत नसत, नुसते रिकाम्या कपाकडे बघत बसत. आजीपुढे, म्हणजे त्यांच्या आईपुढे, तर त्यांची दातखीळच बसायची. मी कॉलेजात गेल्यावर जरा शहाणी झाले आणि त्यांना विचारायला लागले, "बाबा, दुसऱ्यांचं पुरे झालं. आज तुमचं स्वतःचं एक तरी वाक्य बोला." बाबा शांतपणे म्हणायचे, "पाठ नाई."

मी चंद्रपुरात शाळेत विज्ञान शिकवते. चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. लग्नपत्रिकासुद्धा मी तपासून परत देते, म्हणून नातेवाईक मला हल्ली पत्रिका फोनवर पाठवतात. हे सांगायचं कारण असं की पुढे जे झालं ते माझ्या या खोडीमुळे झालं. गप्प बसता येत असतं तर काहीच झालं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात नववीच्या वर्गासाठी ग्रहणाचा एखादा बरा व्हिडिओ शोधत होते. शोधता शोधता मोबाईलनं माझ्यासमोर एक जुनी मालिका आणून ठेवली. मी नऊ वर्षांची असताना ती रविवारी सकाळी लागायची. दर आठवड्याला एक विज्ञानकथा, थर्माकोलची यानं आणि पांढरे डगले घातलेली माणसं. यादीत खाली सरकत गेले आणि तो भाग दिसला. मी खुर्चीतून उठलेच. त्या भागाला आमच्या घरात काय मान आहे ते बाहेरच्याला सांगूनही पटणार नाही. पाहायच्या आधीच मी तो घरच्या ग्रुपवर टाकून दिला आणि खाली लिहिलं, "आई, तुझी बाई सापडली!"

आईची बाई म्हणजे त्या भागातली नायिका. आईची नोकरी, आमचं शिक्षण, घरावरचा स्लॅब, हे सगळं त्या बाईमुळे झालं असं आई मानते. आई निवृत्त झाली तेव्हा विहारात तिचा सत्कार झाला. जंगलातल्या उपकेंद्रांत उभा जन्म काढलेली नर्स, गोंडी बोलून बाळंतिणींना धीर देणारी, त्या दिवशी माईक हातात घेऊन म्हणाली, "मले कोनंच हिंमत नाई देली. टीव्हीतल्या त्या बाईनं मले हिंमत देली. ते आकाशात गेली, तवा मी चांदाले गेली." चांदा म्हणजे आमचं चंद्रपूर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेत बसून बाबांनीही वाजवल्या.

तर तो रविवार मी सांगते, कारण मी तिथे होते.

आमचं गाव आरमोरीपासून जवळ, वैनगंगेच्या काठाला. गावात एकच टीव्ही, ग्रामपंचायतीचा. तो बाहेर ओट्यावर आणून ठेवत आणि आम्ही पोती अंथरून समोर बसत असू. त्या वर्षी पावसाळ्यात टीव्हीत उंदीर शिरला आणि त्याची वाचा गेली. चित्र यायचं, आवाज नाही. मेकॅनिक आरमोरीला होता आणि टीव्ही नेण्यावरून पंचायतीत दोन गट होते, म्हणून तो मुका टीव्हीच गाव दोन महिने बघत होतं. बातम्या आम्ही माणसांच्या तोंडाकडे बघून ओळखायचो.

त्याच दिवसांत आईच्या नावाचं पत्र आलं होतं. ती दहावी पास होती. चांद्याला नर्सच्या ट्रेनिंगला तिची निवड झाली होती. दीड वर्षाचं शिक्षण, तिथेच राहायचं, मग सरकारी नोकरी. हजर व्हायला जेमतेम आठवडा उरला होता. आजीनं एका वाक्यात निकाल लावला, "दोन लेकरं टाकून कुठी जातेस?" मी नऊ वर्षांची, भाऊ सहाचा. आईनं पत्र घडी करून पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि दोन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. बाबाही बोलले नाहीत. पण ते तसे कधीच बोलत नसत, त्यामुळे कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

गावच्या शाळेतले गुरुजी पुण्यामुंबईची मासिकं मागवायचे आणि वाचून झाली की बाबांना द्यायचे. त्या आठवड्यात त्यांनी एक जुना अंक दिला आणि सांगितलं की येत्या रविवारी टीव्हीवर लागणारा भाग याच अंकातल्या गोष्टीवरून काढलाय. ही बातमी गावभर झाली. रविवारी सकाळी टीव्ही लागला आणि सरपंच म्हणाले, "भाऊ, तुमच्यापाशी पुस्तक आहे न? मंग उभे राहा अन् सांगा काय बोलून राह्यले ते."

झालं. बाबा टीव्हीच्या शेजारी उभे राहिले. हातात मासिक उघडं. पडद्यावरच्या माणसाचं तोंड हललं की ते खाली बघून वाचत, पुन्हा वर बघत, वेळ झाली की पान उलटत. आयुष्यात पहिल्यांदा ते पडद्याआडून बाहेर आले होते आणि आवाजही जरा मोठा लावला होता. गावाला यात वावगं काहीच वाटलं नाही. पुस्तकवाला पुस्तकातून सांगतो आणि समोरचे लोक तोंड हलवतात, नाटकात तरी दुसरं काय असतं?

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. एक शिकलेली बाई असते. तिला सरकार आकाशातल्या केंद्रावर कामाला बोलावतं. घरी सासू नको म्हणते. मग सरकार एक मोठं खोकं पाठवतं आणि त्यातून हुबेहूब त्या बाईसारखी दिसणारी मशीन निघते. मशीन भात रांधते, सासूचे पाय चेपते, लेकराला न्हाऊ घालते. पांढऱ्या डगल्यातला साहेब बाबांनी नाटकातल्या विनोदी पात्राच्या आवाजात केला आणि माणसं हसून लोळली. मध्येच मशीननं एक गाणंही म्हटलं, कारण गाण्याशिवाय आमच्याकडे काही पूर्ण होत नाही. शेवटी यानापाशी दोघी उभ्या राहतात, एक बाई आणि एक मशीन, कपडे सारखे, चेहरा सारखा. एकमेकींशी बोलतात. एक शिडी चढून यानात जाते आणि दुसरी घरी येऊन ताटं वाढायला घेते.

"जे वर गेली ते बाई," बाबांनी वाचलं, "अन् जे घरी आली ते मशीन."

खालून नावं वर सरकायला लागली तरी बाबांचं वाचन थांबलं नाही. तीन वर्षांनी बाई परत येते, लेकरू तिला लांबूनच ओळखतं, सासू ओवाळते, गाव सत्कार करतं, असं सगळं त्यांनी त्या सरकत्या अक्षरांवर सांगितलं. मी पहिल्या रांगेत होते आणि मला चांगलं वाचता येत होतं. पडद्यावर वेशभूषा, प्रकाशयोजना असं काहीतरी येत होतं. मला एवढंच वाटलं की टीव्हीवाल्यांनी अक्षरं चुकीची लावलीत.

दुपारी जेवताना आजीनं ताटातला भात नुसता कालवला. मग तिनं विचारलं, "सरकार खरंच मशीन देते का गा?"

"देते," बाबा म्हणाले. "याले टाइम लागते."

"तवरी भात कोन रांधल?"

"मी रांधतो."

आजीनं घास खाल्ला, पाणी प्यायली. मग म्हणाली, "ते तर आकाशात जाऊन वापस आली. हे तर चांदाले चालली, लाल गाडीनं. चांदा काय आकाशात आहे?" आईनं मान खाली घातली होती, पण माझ्या बाजूनं मला तिचा चेहरा दिसत होता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मशीन काही आली नाही. दीड वर्ष बाबांनी भात रांधला. पहिले काही दिवस तो पेजेसारखा असायचा, मग चिखलासारखा झाला, आणि दिवाळीच्या सुमाराला खाण्याजोगा झाला. ते माझ्या वेण्या घालायचे, त्या दोन्ही एकाच बाजूला जायच्या. नदीवर धुणं घेऊन गेले की बाया हसायच्या आणि बाप्ये रस्त्यातून ओरडायचे, "काऊन मशीन, भात शिजला का?" बाबा ताठ उभे राहायचे, मान खटकन वळवायचे आणि हात एका सांध्यात उचलून सलाम ठोकायचे. माणसं खूश. त्यांची नक्कल चांगली आहे असं मला तेव्हा वाटायचं. त्यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही.

तर एवढी पुण्याई असलेला भाग मी स्टाफरूममध्ये डबा खाता खाता आवाजासकट लावला.

आधी माझ्यातल्या शाळेच्या बाईंनी चुकांची वहीच उघडली. अवकाशात तारे लुकलुकत होते, ते लुकलुकायला नको. नायिका स्वप्नात हवा नसलेल्या ग्रहावर उभी होती आणि तिचा पदर झुळझुळ उडत होता. यानाच्या दाराला चक्क कडी होती. गाणं कुठेच नव्हतं, आणि पांढऱ्या डगल्यातला साहेब अगदी गंभीर माणूस निघाला. इथवर मी मजेत होते. मग तो शेवट आला. यानापाशी दोघी उभ्या राहिल्या. आणि खरी बाई मशीनला म्हणाली, तू जा. यंत्राला आकाश पुरे, मला माझं घर पुरे. मशीन शिडी चढून गेली. बाई घरी आली, पदर खोचला, ताटं वाढायला घेतली. सासूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मागे सनई वाजली. तिच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघून मला डबा पुढे खाववला नाही.

बाई गेलीच नव्हती.

मी तिथूनच बाबांना फोन लावला. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत आणि फोनवर बोलणं त्यांना संकट वाटतं. मी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "मागून बदलवलं असंन त्यांनी."

"बाबा, चित्र तेच आहे. बोलणंच वेगळं आहे."

"मंग टीव्हीवाल्याइनं गोष्टीत बदल केला असंन. म्या पुस्तकात होतं ते सांगतलं."

हा मुद्दा मला पटला. टीव्हीवाले गोष्टीचं वाट्टेल ते करतात हे कोणाला माहीत नाही? बाबांचा कानामात्रा ढळला नसणार. तेव्हा मी मूळ गोष्ट शोधायची ठरवलं. गुरुजी वारले होते आणि त्यांची मासिकं रद्दीत गेली होती. चंद्रपूरच्या एका जुन्या वाचनालयात मासिकांचे बांधीव खंड आहेत असं कळलं. दोन शनिवार मी तिथे धूळ खाल्ली. तिसऱ्या शनिवारी गोष्ट सापडली. आठ पानांची होती. मी उभ्यानंच वाचून काढली.

गोष्टीत बाई जाते. इथवर बाबा खरे. मशीन घरी राहते, तेही खरं. तीन वर्षांनी बाई परत येते. संध्याकाळची वेळ, ती दारात उभी. आत सगळे जेवायला बसलेत, मशीन वाढतेय. नवरा मीठ मागतो, मशीन मीठ देते. लेकरू तिच्या मांडीवर. बाई किती तरी वेळ उभी राहते आणि तिच्या लक्षात येतं की ती गेली होती हे घरात कोणाला आठवतच नाही. तिला ओळखते फक्त मशीन. ती उठून पाट सरकवते, बसायला जागा करून देते. बाई आत येत नाही. ती मागे वळते आणि आकाशात निघून जाते, यावेळी कायमची.

गोष्ट मला फार आवडली. लेखकाला माणसांची जाण होती आणि ताऱ्यांचीही, त्याचे तारे लुकलुकत नव्हते. टीव्हीवाल्यांना त्यातलं काहीच पेललं नाही. गोष्टीनं घराला चिमटा काढला होता, त्यांनी घरालाच हार घातला. एवढ्यावर मी शाळेच्या वार्षिक अंकात दोन पानं सहज लिहिली असती, डावीकडे गोष्ट आणि उजवीकडे भाग अशा दोन रकान्यांत. पण माझ्याकडे तिसरा रकाना होता आणि तो कुठेच बसत नव्हता. लेकरू लांबून ओळखतं, सासू ओवाळते, गाव सत्कार करतं, हे ना गोष्टीत होतं ना टीव्हीत. बाबांच्या हातात ते पान उघडं होतं. त्या पानावर बाई दारातून परत फिरत होती.

मे महिन्यात सुट्टी लागताच मी गावी गेले. आई शेजारी गेली होती. बाबा ओसरीत बाजेवर बसून लाखोळीची डाळ निवडत होते. मी झेरॉक्सची आठ पानं त्यांच्यापुढे ठेवली.

"कानामात्रा?" मी विचारलं.

बाबांनी पानं उचलली नाहीत. दोन खडे शोधून बाजूला टाकले. "बारीक अक्षर आहे," म्हणाले.

"बाबा, तुम्ही सगळ्या गावाला फसवलंत."

"फसवलं काऊन? कोनाचं काई गेलं का?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुही आई पत्र डब्यामागं ठिऊन बसली होती. रोज पीठ काढे अन् पत्राकडे पाहे. मले पाहवत नोयतं. आईले तोंडावर बोलाची माही छाती नोयती. सरपंचानं उभं केलं, हाती पुस्तक होतं, मंग सांगून टाकलं."

आमच्या घरातला हा एक मुका माणूस. ज्याला मी पंचवीस वर्षं एक तरी वाक्य बोला म्हणून छळत होते, त्यानं अख्खा शेवट स्वतः रचला होता, अर्ध्या गावासमोर, चालत्या चित्राला जुळवून. मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी विचारलं, "मग इतक्या वर्षांत आईला का नाही सांगितलं? तिनं सत्कारात त्या बाईचं नाव घेतलं तेव्हा तरी?"

"प्रॉम्प्टरचा आवाज लोकाइले आयकू आला का समजाचं प्रॉम्प्टर कच्चा," बाबा म्हणाले. "तिले त्या बाईचा आधार आहे. राहू दे न. तू तेवढं ते मोबाईलवरचं काढून टाक."

काढून टाकायला उशीर झाला होता. आईनं तो भाग अजून बघितला नव्हता, कारण तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि महिनाभर मोबाईल बंद होता. पण तो महिना भरत आला होता आणि आईनं पोलिओच्या तारखा पाळाव्या तशी ही तारीख धरून ठेवली होती. शेजारच्या चार जणींना तिनं सांगूनही ठेवलं होतं की माझी बाई सापडली.

पुढचे तीन दिवस बाबांनी आणि मी मिळून जो चोरटेपणा केला तो आम्हाला दोघांनाही शोभणारा नव्हता. मी नेटवर्क नाही म्हणायचे. बाबांनी चार्जर धानाच्या कणगीत लपवला. आईनं तो काढला, झटकला आणि लावला. उभा जन्म लस चुकवणाऱ्यांना घराघरांतून शोधून काढलेली बाई ती, तिच्यापुढे आमचं काय चालणार? चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि तिनं मोबाईल पाण्याच्या गुंडीला टेकवून उभा केला. शेजारच्या सुनेकडून तिनं तो भाग आधीच उतरवून घेतला होता. नवा चष्मा पुसला आणि बसली.

आधी ती खुशीत होती. "हिचा आवाज असा पातळ आहे का? मले वाटे भारदस्त असंन." साहेब आला तेव्हा ती बाबांकडे बघून हसली, "हा तर हसवतच नाई." गाण्याची जागा आली आणि गेली, तेव्हा ती जरा सरळ होऊन बसली. बाबा बाजेवर डाळ निवडत होते. त्याच डाळीवरून त्यांचा हात चौथ्यांदा फिरत होता.

दोघी यानापाशी आल्या. बोलल्या. मशीन वर गेली. सनई वाजली, ताटं वाढली, नावं सरकली. आईनं बोटानं चित्र मागे नेलं आणि पुन्हा लावलं. मग मोबाईल उलटा घातला.

"हे तर गेलीच नाई," ती म्हणाली.

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी, तोंड उघडलं आणि बेधडक खोटं बोलायला लागले, "आई, याचा दुसरा भाग असेल, त्यात..."

"गप वो तू." ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती बाजेकडे वळली. "मंग मले कोनं धाडलं?"

बाबांनी मांडीवरचं डाळीचं सूप बाजेवर ठेवलं. "कोनं कायले धाडते? तू का पार्सल होतीस? तू गेलीस."

"तुमी पुस्तक हाती धरून सांगतलं होतं."

"हो."

"पुस्तकात होतं?"

"नाई."

"टीव्हीत होतं?"

"नाई."

आईनं पदरानं चष्मा पुसला, जो आताच पुसला होता. मला वाटलं ती चिडणार. चारचौघांत, माईकवर, जिचं नाव घेऊन ती आयुष्यभर मिरवली, ती बाई ऐनवेळी घरी परत आली होती. "मंग मले घरात काऊन नाई सांगतलं?" तिनं विचारलं. "माह्या तोंडावर. जा म्हनून."

"माहं कोन आयकत होतं?" बाबा म्हणाले. "आई म्हणली असती, बायकोचा बैल झाला. तू म्हणली असती, याले काय समजते."

"म्हणली असती," आई म्हणाली. तिला हसू आलं, ते अर्ध्यातच थांबलं. ती उठली, बाजेशी गेली, सूप पलीकडे सरकवलं आणि त्यांच्या शेजारी बसली. माझ्या आठवणीत ती दोघं दिवसाउजेडी अशी शेजारी बसलेली नव्हती. मी उठून जायला हवं होतं, ते मला सुचलं नाही.

"आता आयकून राह्यली मी," आई म्हणाली. "बोला."

बाबांनी हात धोतरावर पुसले. मला भीती वाटली, ते नेहमीसारखं "पाठ नाई" म्हणतात की काय.

"तू चांदाले होतीस तवा," ते म्हणाले, "दीड वर्ष मले घरी करमलं नाई."